दोन शाळांचं लग्न

आमच्या लेकीची शाळा बंद होणार ही बातमी मला भाजीबाजारात कळली. मी भेंड्या निवडत होते. शेजारच्या ब्लॉकमधल्या एका आईने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाली, "तुमची शाळा पलीकडच्या शाळेत मर्ज होतेय. जानेवारीपासून. वाचलंस का?" मी वाचलं नव्हतं. भेंड्या तिथेच टाकून मी घरी निघाले, आणि लिफ्टमध्ये शिरल्यावर लक्षात आलं की पिशवीत नुसती कोथिंबीर आहे.

सिंगापूरच्या आंग मो किओमध्ये आम्ही लेकीच्या जन्माआधीपासून राहतो. नवरा इथल्याच एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत आहे, मी घरी बसून दोन छोट्या कंपन्यांची अकाउंट्स सांभाळते. लेक तेव्हा पाचवीत होती. शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर. बाराव्या मजल्यावरच्या आमच्या स्वयंपाकघरातून तिचं पटांगण दिसायचं. मी पोळ्या लाटत असताना खाली मुलं खो-खो सारखं काहीतरी खेळत असत, आणि आपली कुठली हे मला हिरव्या गणवेशांच्या गर्दीतही ओळखू यायचं.

घरी पोचले तर लेकीला माझ्या आधीच कळलेलं. गणवेशातच ती सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसली होती.

"आय अ‍ॅम नॉट गोइंग," ती म्हणाली. "तू मला सांगूच नको, आई. नॉट गोइंग म्हणजे नॉट गोइंग."

दुसऱ्या कुणाची मुलगी असती तर मी हसून सोडून दिलं असतं. पण ही माझी. बालवाडीत असताना आम्ही फ्लॅट बदलला तेव्हा तिला नव्या बालवाडीत घातलं होतं. आमच्या बाईसाहेब रोज सकाळी दाराबाहेरच्या कठड्याला मिठी मारून उभ्या. रडणं नाही, ओरडणं नाही, नुसतं आत न जाणं. आठवडाभर आम्ही दोघांनी, शिक्षिकांनी, शिपायांनी सगळे उपाय केले आणि शेवटी हात टेकून तिला जुन्या बालवाडीत परत नेलं. नवरा म्हणतो, हा हट्ट आजोळचा आहे. खरं आहे. पण आता परत न्यायला जुनी शाळाच उरणार नव्हती, आणि पुढचं वर्ष सहावीचं, म्हणजे त्या परीक्षेचं, जिच्या नुसत्या नावाने इथल्या आयांची झोप उडते. मला परीक्षेचंही एवढं नव्हतं. मला ती गेटबाहेरचा कठडा धरून उभी दिसत होती.

पलीकडची शाळा म्हणजे कालव्याच्या पलीकडची. मध्ये एक पादचारी पूल. दोन्ही शाळा सारख्याच सरकारी, सारख्याच साध्या, पण आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. त्यांचा गणवेश तपकिरी, त्याला आम्ही मायलो म्हणायचो, इथल्या चॉकलेटी पेयावरून. आमचा हिरवा, त्याला ते काय म्हणायचे ते मला नंतर कळलं: कांगकोंग, म्हणजे इथली एक पालेभाजी. मी आमच्या पालकगटात पहिल्या वर्षापासून होते. वाचनालयात पुस्तकं लावणं, पहिलीच्या पोरांना कॅन्टीनमध्ये सुटे पैसे मोजायला शिकवणं, बागेत माती उकरणं. त्या बागेत मी घरच्या कुंडीतलं कढीपत्त्याचं रोप नेऊन लावलं होतं आणि ते आता माझ्या खांद्याला लागत होतं.

विलीनीकरण ठरल्यावर दोन्ही शाळांच्या पालकांची एक समिती झाली. पहिल्याच बैठकीत माझी गाठ पडली त्यांच्या पालकगटाच्या प्रमुख बाईंशी. चिनी, माझ्याच वयाच्या, आखूड केस, विमा विकण्याचा व्यवसाय आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला न ओरडता ऐकू जाईल असा आवाज. बोलायच्या इंग्रजीच, इथल्या वळणाची. मी ते मराठीत लिहितेय, वाक्याअखेरचे 'लाह' तेवढे त्यांचे राहू दिलेत.

नव्या शाळेचं गाणं कुणाचं, यावरून आमची जुंपली. त्या म्हणाल्या, "इमारत आमची, तर गाणं आमचं लाह. साधी गोष्ट." मी म्हटलं, "शाळा आमची जुनी. मान जुन्याचा." त्या म्हणाल्या, "जुनी म्हणूनच बंद होतेय ना?" मी खुर्ची मागे सरकवून उभी राहिले. मी मुळात तापट, त्यात पुण्याची, त्यामुळे पुढची दहा मिनिटं काय बोलले ते मला नीट आठवत नाही. उपमुख्याध्यापक दोघींना पाणी देत होते एवढं आठवतं.

घरी येऊन मी नवऱ्याला सगळं साग्रसंगीत सांगितलं. "अरे, हे विलीनीकरण नाहीच. हे लग्न आहे. गाणं कुणाचं, नाव कुणाचं आधी, बसायला पुढची रांग कुणाला. निव्वळ मानपान! आणि ती बाई म्हणजे अस्सल विहीण. आम्ही वरात घेऊन त्यांच्या दारात जाणार, तर वरपक्षाचा काही मान ठेवाल की नाही?"

तो वरण ढवळत होता. म्हणाला, "अगं, पण लग्न झाल्यावर वरात परत येते. तुम्ही कुठे परत येणार आहात? आपलं घर सोडून दुसऱ्याच्या घरी राहायला कोण जातं?"

इतके दिवस मी मिशीला पीळ देत फिरत होते आणि आम्ही होतो वधूपक्ष. मला एकदम रडूच आलं. वरणाला फोडणी त्यानेच दिली.

दुसऱ्या बैठकीत माझा पारा बराच खाली होता. ते पाहून उपमुख्याध्यापकांनी मला आणि विहीणबाईंना एकत्र एक काम दिलं: नव्या शाळेच्या दर्शनी भिंतीवर दोन्ही शाळांचा इतिहास मांडायचा. मांजर आणि उंदीर एका टोपलीत. मी मनात म्हटलं, चला, हे आमचं रुखवत. लग्नात मुलीकडचे टेबलावर मांडून ठेवतात ना, बघा आमच्या मुलीने काय काय केलंय, तसं. आमच्या शाळेचं एवढं मांडीन की विहीणबाईंच्या भिंतीला जागा उरायची नाही.

इतिहास कुठल्या पुस्तकात नव्हता, तेव्हा आम्ही दोघी माणसांना विचारत फिरलो. जुने विद्यार्थी ब्लॉकखालच्या दुकानांतून, कॉफीशॉपमधून सापडत गेले. न्हाव्याच्या दुकानात एक निघाला, तो अर्धी दाढी झालेली असताना बोलत राहिला. वस्ती नवी होती तेव्हा इथे चार-चार ब्लॉकांमागे एक शाळा होती. मुलं इतकी, की सकाळी एक पाळी आणि दुपारी एक. मग ती मुलं मोठी झाली, लग्नं करून पुंगोल-सेंगकांग अशा नव्या वस्त्यांमधल्या फ्लॅटांत गेली आणि आई-बाप इथेच राहिले. वर्ग रिकामे व्हायला लागले, तसं एकेका शाळेचं दुसरीशी लग्न लागत गेलं. कालव्याच्या दोन्ही बाजूंना मिळून एके काळी जेवढ्या शाळा होत्या, त्या सगळ्या आता या दोघींच्या पोटात होत्या. आमच्या शाळेचं जे लांबलचक नाव आम्ही कौतुकाने घ्यायचो, त्यातला मागचा अर्धा भाग माहेरचा निघाला. तो बाजारामागच्या एका शाळेचा होता, आणि ती आमच्यात आली होती.

हे मी जेवताना लेकीला सांगितलं. ती घास तोंडात धरून बघत राहिली.

"म्हणजे आपण पण कोणाला असं केलं?"

"आपण म्हणजे आपल्या शाळेने. तू नव्हतीस तेव्हा."

"देन हू वॉज देअर?"

त्या बंद झालेल्या शाळेतून आलेलं आमच्याकडे एकच माणूस होतं, नूडल्सच्या स्टॉलवरच्या आंटी. तेव्हा त्या तिथल्या कॅन्टीनमध्ये होत्या, आणि शाळेबरोबर त्यांचा स्टॉलही इकडे आला. आमच्याकडे आंदणात पितळेची भांडी येतात, तशा या कढया घेऊन आल्या. लेकीने दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत जाऊन त्यांना गाठलं आणि संध्याकाळी दप्तर काढायच्या आधी मला येऊन सांगितलं.

"आंटीची मुलगी पण सेम स्कूलमध्ये होती. प्रायमरी सिक्स, लाइक मी नेक्स्ट इयर. फर्स्ट डेला गेटवर कोणीच नव्हतं, आई. नोबडी. त्यांना माहीतच नव्हतं की पुढच्या गेटने जायचं की मागच्या. टॉयलेट कुठे ते पण नाही. गुड मॉर्निंग पण कोणी नाही म्हणालं." मग तिने माझ्याकडे रागाने पाहिलं. "दॅट वॉज अवर स्कूल. इतकं रूड कसं?"

मी म्हटलं, रूड नसतील गं, कुणाच्या डोक्यातच आलं नसेल.

"आमच्या वेळी गेटवर कोण असणार?"

प्रश्न तिने मायलोवाल्यांबद्दल विचारला, पण 'आमच्या वेळी' म्हणाली. मी ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं. म्हटलं, "मी बघते."

पुढच्या बैठकीत मी गाण्याबिण्याचा विषयच काढला नाही. मी सीमांतपूजन समजावून सांगितलं. आमच्याकडे वरात गावच्या वेशीवर आली की यजमानांनी स्वतः पुढे जाऊन तिला सामोरं जायचं, ओवाळायचं, पाय धुवायचे, मग मानाने आत न्यायचं. आमची मुलं जुन्या शाळेत जमतील, पूल ओलांडून चालत येतील, आणि तुम्ही सगळ्यांनी गेटवर उभं राहायचं. पाय धुऊ नका, पण अक्षता टाका. अक्षता म्हणजे कुंकू लावलेले तांदूळ.

"तांदूळ?" उपमुख्याध्यापक दचकले. "जमिनीवर? कॅनॉट. कबुतरं येतील. कबुतरांना खायला घातलं तर दंड आहे."

"आणि माझी आई येईल," विहीणबाई म्हणाल्या. "ताटात एक दाणा राहिला तरी मारायची ती. तांदूळ फेकायचे? आयो!" मग म्हणाल्या, "पण गेटवर उभं राहायचं ते बरोबर आहे. त्याला मी हो म्हणते लाह."

मला वाटलं, आता त्यांना मिठी मारावी. मारली नाही.

तांदळाऐवजी रंगीत कागदाच्या टिकल्या ठरल्या, कागदाला भोकं पाडायच्या पंचमधून पडतात त्या. महिनाभर दोन्ही शाळांचे पालक घरोघर लाल-पिवळे कागद पंच करत होते. माझी लेकसुद्धा बसली. "मी जाणार नाहीये," तिने पंच दाबत स्पष्ट केलं. "हे फक्त लहान मुलांसाठी."

विहीणबाई आणि मी आमच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेतल्या दगडी टेबलावर दुपारच्या बसायचो. टिकल्यांबरोबर गप्पाही पडायच्या. एकदा मी त्यांना सांगितलं की आमच्यात काही घरांत नवरीची आई मुलीचं लग्न बघत नाही. मंगलाष्टकं चालू झाली की ती बाजूला जाऊन तुळशीकडे तोंड करून उभी राहते. माझ्या आईने माझं लग्न पाहिलेलं नाही.

"मग एवढी वर्षं जेवायला कशाला घातलं?" विहीणबाई म्हणाल्या. "मी तर पहिल्या रांगेत बसेन."

"मीही बसणार. तुळशीकडे बघत उभं राहणं मला जमायचं नाही."

त्यांनी पंचमधल्या टिकल्या ढिगावर झटकल्या. मग म्हणाल्या की त्यांच्या लग्नात, नवरीची गाडी निघाल्यावर आईने मागे वाडगाभर पाणी ओतायचं होतं. जुनी रीत. सांडलेलं पाणी परत येत नाही, तशी मुलगी गेली. "मी काचेतून मागे बघत होते. माझ्या आईने अर्धंच ओतलं. उरलेलं स्वतः पिऊन टाकलं." त्या हसायला लागल्या आणि हसता हसता डोळे पुसले. त्या दिवसापासून मला त्यांचा राग येणं बंद झालं. गाणं शेवटी नवंच लिहायचं ठरलं, आणि खरं सांगायचं तर ते दोन्ही जुन्यांपेक्षा वाईट आहे.

डिसेंबरच्या सुट्टीत सामान हललं. कढीपत्ता मुळासकट काढून एका मोठ्या कुंडीत घातला आणि नव्या गेटला लागून, आतल्या बाजूला कुंपणाच्या जाळीशी ठेवला. लेकीचा गणवेश मी इस्त्री करून ठेवला. पहिल्या वर्षी सगळ्याच मुलांना जुना घालायची मुभा होती, म्हणजे जरा रुसवा काढता आला असता, पण तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. पहिल्या दिवसाच्या सकाळी ती उठली, गणवेश चढवला, बूट घातले आणि दारात उभी राहून म्हणाली, "मी पुलापर्यंत येते. ब्रिजपर्यंतच. ओके?"

"ओके," मी म्हटलं.

जुन्या शाळेच्या पटांगणात सगळी हिरवी मुलं शेवटची जमली. सहावीच्या प्रत्येकाच्या हाती दुसरीचं एकेक मूल दिलं होतं. लेकीच्या वाट्याला एक किडकिडीत मुलगी आली, तिच्या पाठीवर तिच्याएवढंच दप्तर. वरात निघाली. नूडल्सच्या आंटी कढई घेऊन सगळ्यात पुढे होत्या, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी आडवाटेने पुढे पळाले आणि गेटवर जाऊन विहीणबाईंच्या शेजारी उभी राहिले. त्यांच्या मागे तपकिरी मुलांच्या दोन रांगा, मुठीत टिकल्या, आणि त्यांचं ढोलपथक. स्वागताचा कापडी फलक तेवढा आला नव्हता. तो सगळं उरकल्यावर आला, वरातीमागून घोडं.

ढोल वाजायला लागले. पुलाच्या टोकाशी हिरवं दिसलं. आणि मला बघवेना. काय झालं मला अजून कळत नाही. ती पुलावर थांबेल आणि मी ते बघेन, की ती थांबणार नाही आणि मी ते बघेन, यातलं मला कशाचं भय वाटलं? मी गर्रकन वळले आणि कढीपत्त्याच्या कुंडीकडे तोंड करून उभी राहिले.

"हे काय?" विहीणबाई ओरडल्या. मग त्यांना आठवलं. "ओ. ओके. तू वळू नकोस. मी सांगते."

आणि विमा विकणाऱ्या आवाजात, ढोलांच्या वर, त्यांनी मला सगळं सांगितलं. "नूडल्सवाल्या आत आल्या. आमचे मुख्याध्यापक त्यांना वाकून नमस्कार करतायत. त्या रडतायत, कढई सोडत नाहीयेत. तुझी मुलगी पुलावर आहे. थांबली लाह."

मी कढीपत्त्याचं एक पान तोडलं.

"तिची ती छोटी रडतेय. ढोलांना घाबरली. मागचे तुंबलेत. तुझी मुलगी खाली बसली. काहीतरी सांगतेय तिला. इकडे बोट दाखवतेय. आता दप्तर घेतलं तिचं. दोन दप्तरं. निघाल्या." आवाज जरा बसला. "आल्या. गेटात आहेत. आमची पोरं टिकल्या टाकतायत, सगळ्या तिच्या केसांत. गेल्या. आत गेल्या. आता वळ."

मी वळले तेव्हा गेटात दुसरीच मुलं होती आणि जमिनीवर लाल-पिवळा खच.

"तिने मागे वळून पाहिलं का?"

"पाहिलं ना. जिन्याजवळ थांबून. तुला शोधत होती."

"मग मला सांगितलं का नाही!" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की एक ढोलवाला थांबला.

"तूच म्हणालीस, बघायचं नसतं. तुमची रीत," त्या म्हणाल्या. "मी हात केला ना तुझ्या वतीने." आणि त्यांनी करून दाखवलं: दोन्ही हात डोक्यावर नेऊन, जागच्या जागी उड्या मारत.

संध्याकाळी लेक आली, केसांत अजून टिकल्या. त्या छोटीला टॉयलेट तिनेच शोधून दिलं होतं. नवं गाणं सो लेम होतं. कॅन्टीन मोठं होतं. "आणि आई, ती आंटी! शी जम्प्ड! सगळे बघत होते. सो एम्बॅरसिंग." मग बूट काढता काढता विचारलं, "तू का नाही बघितलंस? तू झाडाकडे बघत होतीस."

मी तिला आजीचं आणि तुळशीचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, थोडा विचार केला आणि माझी समजूत घातल्यासारखी म्हणाली, "इट्स ओके लाह. उद्या बघ. आता लग्न झालं ना."

दुसऱ्या दिवशी मी गेटबाहेर उभं राहून नीट डोळे भरून बघितलं. तिची छोटी आधीच वाट बघत होती. दोघी बोलत बोलत आत गेल्या, जिना चढल्या. ती मागे वळलीच नाही.

शेजारी विहीणबाई होत्या. पर्समधून पाण्याची बाटली काढून त्यांनी माझ्यापुढे धरली. मी अर्धी प्यायले आणि उरलेलं पाणी जाळीतून हात घालून कढीपत्त्याला घातलं.